हुबळीचं विमान कोणी बुडवलं?

बोम्मसंद्रा हे बंगळुरूचं दक्षिणेकडचं शेपूट. होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की औद्योगिक वसाहतीच्या पाट्या सुरू होतात. बायोकॉन, नारायणा हेल्थचं हॉस्पिटल, लहानमोठी वर्कशॉपं. आणखी थोडं पुढे अत्तिबेले, की लागला तमिळनाडू. विमानतळ मात्र शहराच्या बरोबर उलट्या टोकाला, देवनहळ्ळीला. मधे अख्खं बंगळुरू आणि त्याचं ट्रॅफिक.

छोट्या विमान कंपन्या का बुडतात, हा प्रश्न त्यामुळे इथून जरा वेगळा दिसतो. मुंबई-दिल्लीत बसून लिहिणारे डॉलरचा भाव, इंधनाचे दर आणि मालकाची हौस यांच्यावर लिहितात. त्यात खोटं काही नाही. पण हुबळी, बेळगाव, कोल्हापूरकडे जाणारा इथला माणूस रात्री होसूर रस्त्यावर बॅग पायाशी ठेवून स्लीपर बसची वाट बघत उभा असतो. विमान परवडत नाही म्हणूनच तो तिथे असतो असं नाही. त्याने हिशेब केलेला असतो, आणि बऱ्याच बुडालेल्या कंपन्यांच्या कागदांत हा हिशेब कुठेच नव्हता.

एअर पेगासस हे नाव आता फारसं कोणाला आठवत नाही. बंगळुरूची कंपनी. विमानतळावर ग्राउंड हँडलिंगची कामं करणाऱ्या डेकॉर एव्हिएशनने काढलेली. १२ एप्रिल २०१५ रोजी तिचं पहिलं विमान बंगळुरूहून हुबळीला गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये आंध्रातल्या कडप्प्याचा विमानतळ नव्याने सुरू झाला, तेव्हा तिथे बंगळुरूहून जाणारी सेवाही पेगाससचीच. भाड्याने घेतलेली तीन एटीआर ७२ विमानं, दक्षिणेतली मधल्या आकाराची शहरं, तासाभराची उड्डाणं. २७ जुलै २०१६ रोजी सगळं थांबलं. विमानांचं भाडं थकलं होतं आणि मालक विमानं परत मागत होते. नोव्हेंबरात परवानाही स्थगित झाला. सगळा खेळ साडेपंधरा महिन्यांचा.

असल्या कंपन्यांची यादी आपल्याकडे लांबलचक आहे. चेन्नईची पॅरामाउंट, गुरगावची एमडीएलआर, विजयवाड्याची एअर कोस्टा, कोइमतूरची एअर कार्निव्हल, हैदराबादची ट्रूजेट. त्याआधीच्या पिढीत ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी. मुंबई-गोव्याच्या तासाभराच्या उड्डाणात मद्य देणारी दमानिया अनेक मराठी वाचकांना आठवत असेल. १९९३ साली सुरू झालेली ही कंपनी दोन वर्षांत एनईपीसीने घेतली आणि मग दोन्ही बुडाल्या. प्रत्येकीची मृत्युलेखासारखी गोष्ट सांगता येईल, पण त्या सगळ्या एकाच साच्यातल्या निघतात. साचा कसला आहे ते बघणं जास्त उपयोगाचं.

हा साचा जुना आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डकोटा विमानं इथे स्वस्तात विकायला निघाली. ती डागडुजी करून प्रवासी वाहतुकीला योग्य करण्याचं बरंचसं काम बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्येच झालं. विमान स्वस्त, परवाना सहज, त्यामुळे पाचसहा वर्षांत कंपन्यांचं पीक आलं. निजाम सरकार आणि टाटांची डेक्कन एअरवेज, बिजू पटनाईकांची कलिंग एअरलाइन्स, मुंबईची अंबिका, मद्रासची ज्युपिटर. अंबिका आणि ज्युपिटर लवकरच गाळात गेल्या. १९५० साली सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीचं म्हणणं साधारण असं, की मागणीच्या मानाने कंपन्या फार झाल्या, परवाने हात सैल सोडून वाटले गेले, आता त्यांनी एकत्र यावं. आपखुशीने कोणी एकत्र आलं नाही. १ ऑगस्ट १९५३ पासून सरकारनेच सगळ्यांना दोन महामंडळांत घातलं. राजाध्यक्षांचं निदान पाऊणशे वर्षांनी वाचलं तरी तारीख बदलून आजच्या वर्तमानपत्रात छापता येईल, असं मला वाटतं.

सरकारलाही छोटी कंपनी चालवता आली नाही, हे लगे हात सांगायला हवं. १९८१ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून वायुदूत काढली, मुख्यतः ईशान्य भारतासाठी. मग प्रत्येक खासदाराला आपल्या गावाला वायुदूत हवी झाली आणि गावांची संख्या शंभराच्या आसपास गेली. कानपूरला बनणारी डॉर्निअर विमानं १९ जणांना घेऊन कुठल्या कुठल्या धावपट्ट्यांवर उतरू लागली. १९८८ साली गुवाहाटीजवळ वायुदूतचं फोकर पडून ३४ जण गेले. पुढच्या वर्षी एक डॉर्निअर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळलं. तोटा, अपघात आणि राजकीय मागण्या यांच्या ओझ्याखाली १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्सच्या पदरात टाकण्यात आली. खाजगी मालकाची हौस हे बुडण्याचं एकमेव कारण असतं, तर वायुदूत वाचायला हवी होती.

आता विमानाकडे येऊ, कारण या धंद्याचं निम्मं गणित विमानाच्या आकारात आहे.

एटीआर ७२ मध्ये प्रवासी चढतात मागच्या दाराने. दारातच उघडणारी चार-पाच पायऱ्यांची शिडी असते. पुढचं दार सामानाचं. पंख खिडक्यांच्या वर, त्यामुळे खालचा घाट, धरण, उसाचे पट्टे स्वच्छ दिसतात. जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालू असतं, पण त्याचा सहा पात्यांचा पंखा ब्रेक लावून जागच्या जागी धरलेला. मोठ्या जेटमध्ये वीज आणि थंड हवा पुरवायला शेपटीत वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरने ते वजन वाचवलेलं आहे. तीनशे-चारशे किलोमीटरच्या फेरीत हे विमान जेटच्या मानाने फार कमी तेल पितं. छोट्या धावपट्टीवर उतरतं. आणि कायदाही त्याच्या बाजूने आहे. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला उतरण्याचं शुल्क माफ. ४० टनांपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर जेमतेम चार-पाच टक्के, जिथे मोठ्या विमानाला काही राज्यांत २५ टक्क्यांच्या वर मोजावे लागत.

ही सवलत ओळखून पॅरामाउंटने २००५ साली एम्ब्राएर १७० ही जेट आणली. जेट असूनही ४० टनांच्या आत. सगळ्या आसनांना बिझनेस क्लासचं रूप दिलं, आणि काही वर्षं दक्षिणेत मोठ्यांना घाम फोडला. २०१० मध्ये विमानमालकांशी भांडण होऊन तीही बंद पडली. एअर कोस्टाने पुढे त्याहून मोठी एम्ब्राएर १९० घेतली, जी ४० टनांच्या पलीकडची. सवलतीची चौकट ओलांडून मोठ्या कंपन्यांच्या आखाड्यात उतरायचं, आणि खिशात पैसे मात्र छोट्याचे. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस कोस्टा थांबली.

पण इंधनात वाचलेला पैसा दुसऱ्या ठिकाणी गळतो. तीन विमानांच्या कंपनीचं एक विमान बिघडलं की वेळापत्रकाचा एक तृतीयांश भाग गेला. दहा विमानं असती तर एक राखीव ठेवता आलं असतं. तीनमध्ये राखीव ठेवणं म्हणजे धंद्याचा एक तृतीयांश गोदामात ठेवणं. सुटा भाग तुलूझहून येईपर्यंत हुबळीचा प्रवासी दोनदा फसतो आणि तिसऱ्यांदा बसचं तिकीट काढतो. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, तिकीट रुपयात. २०११ साली डॉलर ४५ रुपयांच्या घरात होता, २०१३ मध्ये त्याने ६८ चा पल्ला गाठला. ज्यांनी आधीच्या भावाने करार केले त्यांचं भाडं काहीही न करता दीडपट झालं. तिकीट दीडपट करता येत नाही, कारण खाली रस्त्यावर बस आहे.

वैमानिकांचं वेगळंच. छोटी कंपनी पोराला एटीआर शिकवते, तास भरून देते, आणि तो कमांडर झाला की मोठी कंपनी उचलते. राजीनाम्याची मुदत सरकारने वाढवत नेली. २००५ मध्ये सहा महिने, २०१७ मध्ये कमांडरसाठी एक वर्ष. त्याने प्रश्न पुढे ढकलला गेला, एवढंच.

यात एअर डेक्कनला वेगळं काढावं लागतं, कारण ती छोटी म्हणून बुडाली नाही. गोरूरचे कॅप्टन गोपीनाथ, सैन्यातून बाहेर पडून शेती, रेशीम, मग हेलिकॉप्टरची कंपनी, आणि ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन. सुरुवातीच्या मार्गांत बंगळुरू-हुबळी होताच. हैदराबाद-विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाच्या फेरीत इंजिनाने पेट घेतला आणि आत व्यंकय्या नायडू बसलेले होते. असा शुभारंभ झालेली कंपनी टिकली हेच नवल. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन हा तिचा चेहरा. एक रुपयाचं तिकीट, इंटरनेटवर आरक्षण, खायला फुकट काही नाही. त्या काळात लोकांनी नाकं मुरडली, आज बहुतेक कंपन्या तेच करतात. गोपीनाथांच्या आयुष्यावर आधी तमिळमध्ये सूरराई पोट्रु आला, मग हिंदीत सरफिरा. हिंदीत नायकाचं आडनाव म्हात्रे करून टाकल्याने मराठी प्रेक्षकाला तो आपला वाटला असेल. मूळ माणूस हासन जिल्ह्यातला.

सिनेमा जिथे संपतो त्यानंतरचा भाग आपल्या कामाचा आहे. एटीआरवर सुरू झालेली डेक्कन वर्षभरात एअरबस घेऊन मोठ्या शहरांत शिरली, आणि तिकडे तोट्याचा डोंगर झाला. २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या गटाने सुमारे ५५० कोटी रुपयांना २६ टक्के हिस्सा घेतला. त्यांना डेक्कनच्या विमानांइतकंच तिच्या वयात स्वारस्य होतं. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमानं लागत. मल्ल्यांची किंगफिशर २००५ ची, डेक्कन २००३ ची. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, कॉमन मॅन गेला, विमानांवर किंगफिशर रेड लिहिलं गेलं. २०११ मध्ये रेड बंद, २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरच जमिनीवर. छोट्या गावांना जोडणारी घडी मोडली ती परदेशी उड्डाणांच्या एका नियमापायी. देशातल्या विमान धोरणाचं इतकं महागडं पोटकलम दुसरं सापडणार नाही. ते २०१६ मध्ये बदलण्यात आलं, तोवर सगळं आटोपलं होतं.

२००८ मध्येच बंगळुरूत आणखी एक गोष्ट झाली, जिचा उल्लेख या चर्चांत क्वचित येतो. २४ मे २००८ रोजी शहरातला एचएएलचा जुना विमानतळ नियमित प्रवासी उड्डाणांना बंद झाला आणि देवनहळ्ळीचा नवा सुरू झाला. नव्या विमानतळाशी झालेल्या करारात १५० किलोमीटरच्या परिसरात दुसरा विमानतळ नको, अशी अट, तीही २०३३ पर्यंत. दिल्लीला जाणाऱ्याला याचा फारसा फरक पडला नाही; अडीच-तीन तासांच्या उड्डाणाला आणखी तास. पण तासाभराच्या उड्डाणाचं कंबरडं मोडलं.

बोम्मसंद्र्याहून हिशेब मांडून बघा. गर्दीच्या वेळी देवनहळ्ळीला पोचायला दोन तास धरा. उड्डाणाच्या आधी तासभर. हवेत एक तास. हुबळीच्या विमानतळातून बाहेर पडून घर गाठायला अर्धा. झाले साडेचार, तेही दिवसाचे, आणि टॅक्सीचे पैसे कधीकधी तिकिटाच्या जवळ जाणारे. रात्रीची बस आठ-नऊ तास घेते, पण ते झोपेचे तास. सकाळी माणूस आंघोळ करून कामावर. जुन्या विमानतळावरून हाच प्रवास कमी वेळात आणि निम्म्या कटकटीत झाला असता. पेगाससने २०१५ मध्ये जे तिकीट विकायला काढलं, ते मुळात शहराच्या उत्तर भागातल्या लोकांनाच सोयीचं होतं. होसूर रस्त्यावरचं, इलेक्ट्रॉनिक सिटीतलं, जिगणी-बोम्मसंद्र्यातलं गिऱ्हाईक, ज्यात उत्तर कर्नाटकातली आणि सीमाभागातली माणसं भरपूर, ते तिला कधी मिळालंच नाही. कंपनी बुडण्याचं हे एकमेव कारण असं मी म्हणणार नाही. पण साठ-सत्तर टक्के भरलेलं विमान आणि ऐंशी टक्के भरलेलं विमान यांच्यातच या धंद्याचा जीव असतो.

महाराष्ट्रातली गोष्ट याहून विचित्र आहे. २०१६ मध्ये केंद्राने उडान योजना आणली. निम्म्या आसनांना तासाभराच्या उड्डाणासाठी अडीच हजारांची भाडेमर्यादा, तोट्याची भरपाई तीन वर्षं, त्या मार्गावर तीन वर्षं मक्तेदारी, इंधनावर राज्याचा कर १ टक्का. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून हिरवा झेंडा दाखवलेल्या पहिल्या उड्डाणांत ट्रूजेटचं नांदेड-हैदराबाद होतं. डिसेंबर २०१७ मध्ये गोपीनाथांच्या गटाने जुनं नाव बाहेर काढून नवी एअर डेक्कन सुरू केली, या खेपेला नाशिक आणि जळगावहून मुंबईला, १९ आसनी बीचक्राफ्टने. हे विमान इतकं लहान की प्रत्येक सीट खिडकीचीही आणि वाटेवरचीही, आणि आत उभं राहताना उंच माणसाने मान सांभाळायची.

नाशिकहून मुंबई रस्त्याने चार तासांची, विमानाने पाऊण तासाची. पण मुंबईचा विमानतळ दोन एकमेकांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर, म्हणजे एका वेळी एकाच धावपट्टीवर, दिवसाला नऊशेच्या वर विमानं हाताळतो. तिथे १९ आसनी विमानाला सकाळी आठची वेळ कोण देणार? दिलेली वेळ गैरसोयीची, ती चुकली की फेरी रद्द. नाशिकचा व्यापारी मुंबईत दुपारी पोचून काय करणार? उड्डाणं रद्द होण्याच्या बातम्या सुरू झाल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या पहिल्याच तडाख्यात कंपनीने सगळ्यांना बिनपगारी रजेवर घरी पाठवलं. ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. नांदेडकरांना पुढे दोन वर्षं विमानच नव्हतं.

जळगाव घ्या. विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते. नियमित विमान आलं २०१७ च्या शेवटी, एअर डेक्कनचं. ते गेल्यावर ट्रूजेट. ते गेल्यावर गोव्याची फ्लाय ९१, २०२४ पासून. धावपट्टी तीच, कंपनीची पाटी बदलत राहिली. सोलापुरात तर सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाला आडवी येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली आणि विमान आलं दोन वर्षांनी. चिपीला, सिंधुदुर्गात, तीन वर्षांची उडानची मुदत संपली आणि अलायन्स एअरचं मुंबईचं विमान बंद झालं.

हे अपवाद नाहीत. कॅगने २०२३ च्या अहवालात हिशेब मांडला. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ वर विमान उडालंच नाही. उरलेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावर, मार्च २०२३ मध्ये, चालू होते ५४. विमानतळांच्या उद्घाटनांचे फोटो यापेक्षा नक्कीच जास्त निघतील.

चीनने याच प्रश्नाशी वेगळ्या पद्धतीने झुंज दिली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथेही प्रांतागणिक विमान कंपनी निघाली होती. वुहानची, झेंगझोऊची झोंगयुआन, ग्वेझोऊची. अपघात वाढले, तोटे वाढले, आणि २००० नंतर सरकारने एकामागून एक छोट्या कंपन्या तीन मोठ्या गटांच्या पोटात घातल्या. राजाध्यक्ष समितीने जे आपखुशीने व्हावं म्हटलं होतं, ते तिथे हुकुमाने झालं. तरी पुढेही प्रांतांची हौस गेली नाही. अमेरिकेच्या मेसा एअरशी भागीदारी करून शेनझेन एअरलाइन्सने कुनपेंग नावाची छोटी कंपनी काढली, ती २००७ मध्ये उडू लागली. मेसा बाहेर पडली, हेनान प्रांताच्या सरकारने हात दिला आणि कंपनी हेनान एअरलाइन्स झाली. २४ ऑगस्ट २०१० च्या रात्री तिचं एम्ब्राएर ईशान्येतल्या यीचुन या नव्या छोट्या विमानतळावर धुक्यात उतरताना कोसळलं, ४४ जण दगावले. त्यानंतर काही दिवसांतच प्रांत सरकारने आपलं नाव परत मागितलं. त्या नावासकट कंपनीही मिटली. प्रतिष्ठेसाठी दिलेलं नाव प्रतिष्ठेसाठीच काढून घेण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या पुढाऱ्यांनाही समजण्यासारखा आहे.

चीनमधला दुसरा धडा रेल्वेचा. फेब्रुवारी २०१० मध्ये झेंगझोऊ-शिआन हाय-स्पीड रेल्वे सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत त्या मार्गावरची विमानं बंद पडली. पाचशे किलोमीटरच्या आत चांगली रेल्वे असेल तर विमान टिकत नाही. आपल्याकडे तितका वेग नाही, पण दिशा तीच. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळुरूत दोन उद्घाटनं एकाच दिवशी झाली: बेळगावची वंदे भारत, आणि बोम्मसंद्र्यापर्यंतची मेट्रोची यलो लाइन, जिचा पहिला बिनचालकाचा गाडीसंच चीनहूनच आला होता. इथून मेट्रोने शहर गाठायचं आणि तिथून गाडी. छोट्या एटीआरवाल्याला यापुढे बसच्या जोडीला ही स्पर्धाही आहे.

मग या कंपन्यांनी काहीच केलं नाही का? केलं, आणि इथे माझं मत रूढ मृत्युलेखांपेक्षा वेगळं पडतं. कंपन्या मेल्या, पण त्यांचे सगळे मार्ग मेले नाहीत. पेगासस गेल्यावर हुबळीला जुलै २०१८ मध्ये इंडिगो आली, जानेवारी २०१९ मध्ये कोल्हापूरच्या घोडावत गटाची स्टार एअर बंगळुरू-हुबळीनेच सुरू झाली. कडप्प्याला पेगाससनंतर ट्रूजेट आणि मग इंडिगो. नांदेडला २०२४ मध्ये स्टार एअर. म्हणजे या गावांत गिऱ्हाईक आहे हे सिद्ध करण्याचा खर्च छोट्यांनी केला, आणि सिद्ध झाल्यावर मोठ्यांनी येऊन दुकान मांडलं. इंडिगोने २०१७ च्या डिसेंबरापासून स्वतःच एटीआर उडवायला घेतली. तिच्याकडे राखीव विमान आहे, स्वस्त कर्ज आहे, मुंबईत सकाळची वेळ आहे. हुबळीच्या प्रवाशाला तक्रार नाही, त्याला विमान मिळालं. तोटा झाला तो ज्यांचे पगार थकले त्यांचा, ज्यांनी पुढच्या महिन्याची तिकिटं काढली होती त्यांचा.

आणि कायद्याची सगळी धडपड तिसऱ्याच कोणासाठी आहे. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा विमानांच्या परदेशी मालकांना विमानं मिळेनात. वर्षभर कोर्टबाजी झाली, दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी रद्द करायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये संसदेने विमानमालकांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदाच केला. तो हवाच होता. नाहीतर भारतीय कंपन्यांना विमान भाड्याने महाग मिळालं असतं. पण घर घेणाऱ्याच्या ७० टक्के पैशांसाठी रेराने बिल्डरला वेगळं खातं ठेवायला लावलं, तसं तिकिटाच्या पैशांसाठी का नाही? विमान उडेपर्यंत ते पैसे कंपनीला हात लावता येणार नाहीत, अशी तरतूद केली तर काही कंपन्या जन्मालाच येणार नाहीत, हे खरं. ज्यांचा धंदा पुढच्या महिन्याच्या तिकिटांवर आजचं इंधन भरण्याचा आहे, त्या न जन्मलेल्याच बऱ्या. आणि भरपाई द्यायचीच तर तीन वर्षांनी झटक्यात बंद करण्याऐवजी दरवर्षी थोडी कमी करत न्यावी. चिपीच्या प्रवाशाने कॅलेंडर बघून प्रवास ठरवू नये.

छोट्या कंपन्यांची सध्याची फळी आधीच्यांपेक्षा शहाणी दिसते. स्टार एअर मोठी शहरं एकमेकांना जोडण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. ७६ आसनी एम्ब्राएर १७५ घेऊन ८० आसनांच्या चौकटीत राहते. फ्लाय ९१ चे संस्थापक मनोज चाको किंगफिशरमध्ये होते, त्यामुळे काय करू नये याचं शिक्षण त्यांना पुरेसं झालेलं असणार. गोव्यातलं मोपा, सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर, हैदराबाद, बंगळुरू असं त्यांचं जाळं विणणं चाललं आहे, मुंबईच्या वेळांच्या मागे न लागता.

राहता राहिला होसूर. बोम्मसंद्र्यापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर, बेलगोंडपळ्ळीला, तनेजा एअरोस्पेसची खाजगी धावपट्टी आहे. नव्वदच्या दशकात तिथे छोटी विमानं बनवली गेली. जून २०२४ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी होसूरला २,००० एकरांवर, वर्षाला ३ कोटी प्रवाशांचा विमानतळ जाहीर केला. कर्नाटकाने घाईने आपल्या दुसऱ्या विमानतळासाठी कनकपुरा रस्ता आणि नेलमंगलाकडच्या जागा दाखवल्या. १५० किलोमीटरची अट अजून उभीच आहे. सिल्क बोर्डहून विमानतळाकडे जाणारी मेट्रो पूर्ण होईल तेव्हा इथला माणूस एक बदली करून देवनहळ्ळीला पोचेल, आणि वरचा साडेचार तासांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. होसूर झालं तर तो निम्म्यावर येईल. पण ३ कोटींच्या विमानतळाची आखणी मोठ्या विमानांसाठी होते. सकाळच्या सहा ते नऊच्या वेळांतला काही वाटा ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांसाठी करारातच राखून ठेवायचा असेल, तर तो आत्ता, कागद कोरा असतानाच लिहून घ्यावा लागेल. देवनहळ्ळीच्या करारात १५० किलोमीटरची ओळ कोणीतरी अशीच वेळेवर लिहून घेतली होती.